ठिपके पोचले पाहिजेत: खानापूर तालुक्यातून रिमोट डेस्कटॉपवर ब्रेल डिस्प्ले

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. खानापूर तालुक्यातल्या एका कौलारू घराच्या सोप्यात मी आणि ताई बसलो होतो. त्यांच्यासमोर पाटावर लॅपटॉप, लॅपटॉपच्या पुढ्यात ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरची ओळ बोटांना ठिपक्यांत देणारी पेटी, एका कानात इअरफोन. बेळगावच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर एका खातेदाराचं खातं उघडलेलं होतं. मला ते पडद्यावर स्वच्छ दिसत होतं: नाव, खाते क्रमांक, शिल्लक, हप्त्याची तारीख. मी विचारलं, "ताई, हाताला काय लागतंय?" त्यांनी बोटं डावीकडून उजवीकडं नेली, परत आणली आणि म्हणाल्या, "दादा, इंग्रजीत 'इनपुट कॅप्चर विंडो' एवढंच आहे. सकाळपासनं एवढंच आहे."

इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं आणि मधल्या मोकळ्या जागा मोजल्या तर बरोबर २० भरतात. ताईंच्या डिस्प्लेवर घरंही, म्हणजे अक्षरांच्या जागाही, २०च. म्हणजे पूर्ण यंत्र भरून एक निरुपयोगी ओळ, आणि तिच्या मागं सगळं खातं अडकलेलं.

ताईंचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून लिहीत नाही. त्या जिथं काम करतात त्या सहकारी संस्थेचंही लिहीत नाही. मी बेळगावात लहान ऑफिसांची आणि उद्यमबागेतल्या काही कारखान्यांची कॉम्प्युटरं आणि नेटवर्क सांभाळतो. ही अडचण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात उद्या येणार आहे, म्हणून काय केलं, काय फसलं आणि शेवटी काय चाललं ते सगळं मांडून ठेवतो आहे.

घर, पाऊस आणि दोन अटी

ताईंना जन्मापासून दिसत नाही. बेळगावात शिकल्या, ब्रेल लहानपणीच बोटांत बसलं, पदवी झाली, मग संस्थेत फोनवर खातेदारांना उत्तरं देण्याच्या कामाला लागल्या. फोन खानापूरहून येतात, निपाणी-चिकोडीहून येतात, कित्तूर-बैलहोंगलहून येतात. कुणी मराठीत बोलतं, कुणी कानडीत, पुष्कळजण अर्धं हे अर्धं ते. घरात मराठी आणि शेजारात कानडी असं वाढलेल्या माणसाला दोन्ही जशा येतात तशा ताईंना येतात. फोन उचलायचा, खातं उघडायचं, वाचायचं, सांगायचं, शेवटी शेरा लिहायचा. हे काम त्या ऑफिसात बसून उत्तम करत होत्या.

पावसाळ्यात ये-जा जमत नाही. जांबोटी-कणकुंबीकडचा हा पट्टा घाटमाथ्यालगतचा. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते, यावरून पावसाचा अंदाज करावा. ओढ्याला पाणी आलं की बसचा भरवसा नाही, आणि काठी टेकत दोन ठिकाणी बस बदलणाऱ्या बाईला भर पावसात उभं करायचं हे बरोबरही नाही. ताईंचे अप्पा मला म्हणाले, "दरवर्षी चार महिने हिची रजा मोडते न्हाईतर पगार कापतोय. काम येतंय, भाषा येतीय, मग अडतंय कुठं?"

संस्थेनं जून ते सप्टेंबर घरून काम करायला होकार दिला, पण दोन अटी घातल्या. खातेदारांची माहिती ऑफिसच्या सर्व्हरवरच राहील, घरच्या लॅपटॉपवर काहीही उतरवायचं नाही. आणि बाहेरून आत येण्याचा जो एक रस्ता आधीच आहे, म्हणजे व्हीपीएन या बंदिस्त जोडणीतून रिमोट डेस्कटॉप (ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवणं), त्याखेरीज दुसरं दार उघडायचं नाही. दोन्ही अटी मला रास्त वाटतात. लोकांच्या ठेवींचा प्रश्न आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये 'वाजवी सोय' ही कल्पना आहे, तिचा अर्थ इतरांची सुरक्षितता बाजूला ठेवा असा होत नाही. मात्र या अटींच्या आत राहून सोय शोधण्याचे कष्ट घेतले पाहिजेत, असा नक्की होतो.

चित्र जातं, मजकूर जात नाही

ब्रेल डिस्प्ले पाहिलेला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जाडजूड पुस्तकाएवढी पेटी. तिच्या पुढच्या कडेला २० घरांची एक ओळ. प्रत्येक घरात आठ बारीक टाचण्या, वर येतात, खाली जातात. पडद्यावरची ओळ बदलली की टाचण्या हलतात, कान दिला तर बारीक टकटक ऐकू येते. प्रत्येक घराच्या वर एकेक छोटं बटण असतं; ते दाबलं की कर्सर थेट त्या अक्षरावर येतो. दोन्ही बाजूंना पुढं-मागं सरकण्याच्या कळा. बघणारे याला 'दाखवणारं यंत्र' समजतात, पण ताई त्याच्यावर जेवढं वाचतात तेवढंच त्याच्यातून कॉम्प्युटरला सांगतातही. नावातलं चुकलेलं अक्षर बोटाला लागलं, त्याच बोटानं वरचं बटण दाबलं, अक्षर दुरुस्त. डोळस माणसाचा माऊस आणि पडदा दोन्ही त्या पेटीत आहेत.

पेटी स्वतः काही वाचत नाही. वाचतो तो स्क्रीन रीडर. ताई एनव्हीडीए वापरतात. मायकल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ पासून उभा केलेला हा स्क्रीन रीडर फुकट आणि मुक्त स्रोताचा आहे. तो विंडोजला विचारतो, आत्ता कर्सर कुठं आहे, तिथं काय लिहिलंय, हे बटण आहे की रकाना. उत्तर मिळालं की त्यातून आवाज काढतो आणि ठिपके करून डिस्प्लेला पाठवतो.

आता रिमोट डेस्कटॉप लावला की काय होतं? ऑफिसचा सर्व्हर आपल्या पडद्याचं चित्र करून घरी पाठवतो. घरचा लॅपटॉप ते चित्र एका खिडकीत चिकटवतो. घरच्या एनव्हीडीएनं विंडोजला विचारलं की या खिडकीत काय आहे, तर विंडोज म्हणतं, एक खिडकी आहे, कळा आणि माऊस पकडण्यासाठी ठेवलेली. बस्स. तेच ताईंच्या बोटांना लागत होतं. चित्रातलं नाव, चित्रातली शिल्लक, डोळ्यांना अक्षरं आणि एनव्हीडीएला नुसते रंगीत ठिपके.

उलट दिशेलाही असंच अरुंद आहे. रिमोट डेस्कटॉपची पद्धत १९९८ सालच्या विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हरपासूनची. घरून ऑफिसकडं मुळात दोनच गोष्टी जायच्या: कोणती कळ दाबली आणि माऊस कुठं आहे. पुढं बोटाचा स्पर्श आला, मग पेन आलं. ज्याच्यासाठी रस्ता आखलेला नाही ते यंत्र घरीच राहतं. उद्यमबागेत साचे आखणाऱ्या एका मुलाकडं मी हेच पाहिलं होतं. त्याच्याकडं थ्रीडी माऊस आहे, गोल मुठीचा. ढकलला, फिरवला, उचलला की पडद्यावरचा पंपाचा साचा तसा हलतो. सहा दिशांची हालचाल. घरून ऑफिसच्या मशीनवर बसला की ती मूठ निर्जीव. चित्र काढणाऱ्यांच्या पेनाचंही जुन्या जोडण्यांवर तेच व्हायचं: रेघ यायची, पण दाब यायचा नाही, सगळ्या रेघा एका जाडीच्या. दुखणं एकच. फरक असा, की त्या मुलाला साधा माऊस घेऊन हळूहळू का होईना काम करता येतं. ताईंचं काम पूर्ण थांबतं.

तीन वाटा, तिन्ही अर्ध्यावर

पहिली वाट सरळ होती. ऑफिसच्या सर्व्हरवर ताईंच्या लॉगिनखाली एनव्हीडीए बसवला आणि तिकडचा आवाज घरी वाजेल असं रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये लावलं. आवाज आला. नेट चांगलं असताना ऐकायलाही बरा होता. पण ताईंचं काम एका कानानं होणारं नाही. एका कानात खातेदार बोलतो आहे, दुसऱ्यात एनव्हीडीए, आणि दोघं एकमेकांसाठी थांबत नाहीत. त्यात नेट लडबडलं की आवाजाचे तुकडे पडतात, आणि मराठी आकड्यांत तुकडा पडला की घात होतो. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांचा पुढचा भाग सारखाच. शेपूट तुटलं की ५९ की ६९ कळायला मार्ग नाही. एका खातेदाराला हप्त्याची रक्कम सांगताना ताई अडल्या, परत ऐकली, परत तुटली. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "ऐकलेल्या आकड्यावर मी लोकांचे पैसे सांगणार नाही. मला बोटाखाली पाहिजे."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. नावांचंही तसंच आहे. 'सुनिता' की 'सुनीता', 'पाटील' की 'पाटिल', 'बेळगाव' की 'बेळगावी', हे फॉर्मवर जसं आहे तसंच शोधावं लागतं. कानाला त्यातला फरक कळेलच असं नाही, बोटाला दर वेळी कळतो.

दुसरी वाट म्हणजे यंत्रच तिकडं पाठवायचं. रिमोट डेस्कटॉपमध्ये यूएसबी वळवण्याची सोय विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ पासून आहे. घरच्या लॅपटॉपवर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या यादीत, परवानगी द्यायची, सर्व्हरवर अडवणारं धोरण काढायचं, जोडताना स्थानिक साधनांच्या यादीत त्या यंत्रावर खूण करायची. मग ते यंत्र इथून निघतं आणि तिकडच्या कॉम्प्युटरला वाटतं की आपल्याच पोर्टात लागलंय. तिकडं ड्रायव्हर घातला, डिस्प्लेवर खातं उमटलं, आणि आम्ही दोघं खूश झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला. राऊटर बंद, जोडणी तुटली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पडद्यावर संदेश आला की जोडणी तुटली आहे, पुन्हा प्रयत्न चालू आहे. तो संदेश मी वाचला. ताईंच्या बोटाखाली मात्र जुनी ओळ तशीच थिजलेली. कारण यंत्र तिकडं गेलेलं. घरच्या एनव्हीडीएच्या हातात ते नव्हतंच. आवाज त्यांनी कामाच्या वेळी बंद ठेवलेला, कारण कानात खातेदार. दोन-तीन मिनिटं त्या बटणं दाबत होत्या आणि समोरच्या माणसाला "एक मिनिट थांबा हं" म्हणत होत्या. मी शेजारी नसतो तर त्या किती वेळ थांबल्या असत्या? ही वाट मी त्याच संध्याकाळी सोडली. जे यंत्र जोडणी तुटल्याचीच खबर देऊ शकत नाही ते पावसाळ्यात खानापूर तालुक्यात कुणाच्या हाती देऊ नये.

तिसरी वाट सगळ्यात सुंदर होती आणि तीच मिळाली नाही. एका कॉम्प्युटरवरचा एनव्हीडीए दुसऱ्यावरच्या एनव्हीडीएशी बोलू शकतो. आधी हे ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायची भर, होतं; २०२५.१ या आवृत्तीपासून एनव्हीडीएच्या आतच रिमोट ॲक्सेस म्हणून आहे. इथं चित्र पाठवायचा प्रश्नच नाही. तिकडचा एनव्हीडीए बोलायचा मजकूर शब्दांच्या रूपात पाठवतो, आवाज घरच्या लॅपटॉपवर तयार होतो. डिस्प्लेचे ठिपकेही तसेच येतात, आणि बटणांचे दाब परत जातात. माझ्या घरचा लॅपटॉप आणि ताईंचा लॅपटॉप जोडून पाहिला. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, पाऊस लागलेला असताना, बोटाखालची ओळ जागच्या जागी बदलत होती.

याचं कारण साध्या गुणाकारात आहे. एका घरात आठ ठिपके, म्हणजे एक बाईट. २० घरं, २० बाईट. ताईंची पूर्ण ओळ एवढ्यात मावते. आजूबाजूचा हिशेब-ठिशेब धरला तरी फार नाही. उलट १३६६ बाय ७६८ चा एक पडदा कच्चा पाठवायचा तर ३१ लाख बाईटांच्या वर जातो. रिमोट डेस्कटॉप तो दाबून, फक्त बदललेला भाग काढून पाठवतो हे खरं, तरी माप वेगळंच राहतं. आम्ही आजवर ताईंना सगळ्यात जड गोष्ट पाठवत होतो, जिचा त्यांना काडीचा उपयोग नाही, आणि सगळ्यात हलकी गोष्ट, जी त्यांना हवी आहे, ती मात्र ऑफिसातच ठेवत होतो. हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटलं.

पण या पद्धतीत दोन एनव्हीडीए मधल्या एका सर्व्हरमार्फत भेटतात, आणि तो सर्व्हर संस्थेच्या बाहेरचा. तो नको असेल तर ऑफिसच्या मशीनलाच यजमान करता येतं, पण त्यासाठी ६८३७ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं आत येण्याचं आणखी एक दार, उघडावं लागतं. संस्थेचे सिस्टीम बघणारे साहेब शांतपणे म्हणाले, "बाहेरचा सर्व्हर नको, आणि नवं पोर्ट तर नकोच. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलंय." सांगितलं होतं. मला राग आला होता, पण त्यांची बाजू खरी होती.

उघड्या रस्त्याच्या आतून

उपाय त्यांच्या नकारातच होता. नवा रस्ता नको ना, मग आहे त्याच रस्त्याच्या आतून ठिपके न्यायचे. रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीत चित्राशेजारून चालणाऱ्या आभासी वाहिन्या असतात. क्लिपबोर्ड, प्रिंटर, आवाज हे सगळं त्यांच्यातूनच जातं. एनव्हीडीएसाठी आरडीॲक्सेस नावाचं एक ॲड-ऑन आहे. ते दोन्हीकडच्या एनव्हीडीएत घातलं की तशाच एका वाहिनीतून बोलणं आणि ठिपके ये-जा करतात. पोर्ट तेच, व्हीपीएन तोच, लॉगिन तेच. साहेबांनी ॲड-ऑन आधी एका वेगळ्या मशीनवर घालून पाहिलं, दोन दिवस ठेवलं, मग ताईंच्या लॉगिनपुरतं परवानगी दिली.

मुख्य फरक हा, की यंत्र घरीच राहतं. घरच्या एनव्हीडीएच्या हातात. रिमोटची खिडकी समोर असेल तोवर तो तिकडून आलेले ठिपके डिस्प्लेवर चढवतो. खिडकी गेली, जोडणी तुटली, की लगेच घरचं वाचायला लागतो. मी मुद्दाम राऊटरची पिन काढून बघितलं. जोडणी तुटल्याचा संदेश ताईंच्या बोटाखाली आला. त्यांनी वाचला आणि हसून म्हणाल्या, "आता करंट गेला तर मला पहिल्यांदा कळणार."

पहिली मराठी ओळ मात्र भलतीच आली. नावाच्या जागी एकेका अक्षरामागं सांकेतिक आकड्यांची माळ. अक्षरांचे ठिपके कुठल्या तक्त्यानं करायचे हे जिथं मजकूर असतो तिथं ठरतं, म्हणजे ऑफिसच्या एनव्हीडीएत, आणि तिथं इंग्रजी तक्ता होता. मी तासभर घरच्या लॅपटॉपचे सेटिंग बदलत बसलो होतो. तिकडं जाऊन मराठी तक्ता निवडला आणि ओळ सरळ झाली.

त्यानंतरचा फोन कित्तूरहून होता. पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव मराठीत. ताईंनी माझं बोट धरून घरांवरून फिरवलं आणि एकेका घरातल्या वर आलेल्या ठिपक्यांचे क्रमांक सांगत गेल्या. १-३, हा क. २-४, ही इ. मग नुसता ४, म्हणजे पुढं जोडाक्षर येतंय. २-३-४-५ त, परत तोच त, १-२-५-६ ऊ, १-२-३-५ र. सात घरांत कित्तूर. शेजारच्या रकान्यात तेच नाव कानडीत होतं. डोळ्यांना दोन वेगळ्या लिप्या, बोटाखाली तीच सात घरं आणि शेवटी एक जास्तीचा १-३-६, कानडीतला शेवटचा उ. भारती ब्रेलमध्ये आपल्या भाषांना ठिपके ध्वनीवरून दिलेले आहेत, लिपीवरून नाहीत. मराठीचा क आणि कानडीचा क एकच. ज्या पट्ट्यात दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर यावी यावरून इतकी वर्षं माणसं एकमेकांशी भांडली, तिथं ताईंच्या बोटाला दोन्हींत फरक लागतो तो फक्त शेवटच्या एका स्वराचा. मला ते बघून बराच वेळ काही बोलता आलं नाही.

आवाजाला मात्र लिपीचा फरक पडतो, म्हणून कानडी खात्यांसाठी कानडी आवाज आणि कानडी तक्ता अशी वेगळी प्रोफाईल ऑफिसच्या एनव्हीडीएत केली आणि तिला एक कळ दिली. फोनवर "नमस्कार" आलं की एक, "नमस्कारा" आलं की दुसरी.

कळांचा गोंधळ

ठिपके लागल्यावर कळा अडल्या. एनव्हीडीएचे सगळे हुकूम एका खास कळीबरोबर द्यायचे असतात, आणि आता दोन एनव्हीडीए एकाच कीबोर्डवर कान लावून बसलेले. ताईंनी काहीतरी विचारावं आणि भलत्यानंच उत्तर द्यावं असं होत होतं. वाटणी केली: घरच्यासाठी कॅप्स लॉक, ऑफिसच्यासाठी इन्सर्ट. दुसरीकडं ती कळ बंद. पहिला दिवस बोटं चुकली, तिसऱ्या दिवशी विसरूनही गेल्या की कधी वेगळं होतं.

टंकलेखनाचं जरा खोलात होतं. ताई मराठी आणि कानडी दोन्ही इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कळांच्या मांडणीत, लिहितात. इन्स्क्रिप्टही भारती ब्रेलसारखंच, ध्वनीनं बांधलेलं. कित्तूर लिहायला के, एफ, एल, डी, एल, टी, जे अशा सात कळा, आणि कानडीला त्याच सात व पुढं उकारासाठी जी. गंमत एवढीच की इथं पाय मोडण्याची कळ पहिल्या त नंतर येते आणि ब्रेलमध्ये चौथा ठिपका त्याच्या आधी. हात हे आपसूक सांभाळतात.

पण रिमोट डेस्कटॉपवर अक्षर जात नाही; बोट कीबोर्डवर कुठं पडलं तेवढा क्रमांक जातो आणि अक्षर तिकडं ठरतं. जोडणी होताना घरचा लेआऊट, म्हणजे कोणत्या कळीला कोणतं अक्षर याची मांडणी, तिकडच्या सत्रावर लादला जातो, आणि तिकडं मराठी लेआऊट बसवलेलाच नव्हता. दर वेळी पुन्हा जोडलं की यादी विस्कटायची: मराठी समजून लिहिलेला शेरा इंग्रजी अक्षरांचा चिखल होऊन पडायचा. सर्व्हरवर ताईंच्या लॉगिनमध्ये मराठी, कानडी, इंग्रजी असे तीनच लेआऊट ठेवले आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, कीबोर्ड लेआऊटखाली 'इग्नोर रिमोट कीबोर्ड लेआऊट' ही नोंद १ केली. आता तिकडचं तिकडं ठरतं. विंडोज कळीच्या जोड्या रिमोटवरच जाव्यात हेही जोडणीच्या सेटिंगमध्ये पक्कं केलं, म्हणजे भाषा बदलण्याची कळ घरच्या लॅपटॉपनं मधेच गिळायला नको.

एक राहिलं होतं ते कुलपाचं. दहा मिनिटं हात लागला नाही की सत्र कुलूपबंद होतं, आणि कुलपाच्या पडद्यावर ठिपके येतील याचा भरवसा धरता येईना. कुलूप काढून टाका असं मी म्हणालो नाही, कारण तो नियम सगळ्यांना आहे. जोडणी बंद करून पुन्हा जोडायची. पासवर्ड जोडणी होण्याआधी घरच्याच खिडकीत विचारला जातो, ती घरचा एनव्हीडीए व्यवस्थित वाचतो, आणि आत गेलं की अर्धवट राहिलेलं काम जिथल्या तिथं उघडं. राऊटरला छोटा बॅटरी बॅकअप लावला, तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर पटलेला खर्च.

आत्ता

जुलै निम्मा झाला आहे. गेल्या आठवड्यात गावचा रस्ता दोन दिवस बंद होता आणि ताईंनी त्या दोन्ही दिवशी पूर्ण पाळी केली. अप्पांनी फोन करून सांगितलं. ते यंत्राबद्दल काही बोलले नाहीत, रजा मोडली नाही एवढंच दोनदा सांगितलं.

दोन्हीकडचा एनव्हीडीए आपोआप अद्ययावत होऊ नये म्हणून मी थांबवून ठेवला आहे. दरवर्षीच्या .१ आवृत्तीला जुनी ॲड-ऑन बंद पडू शकतात; ताईंची सकाळ तशी सुरू व्हायला नको. आधी साहेबांच्या वेगळ्या मशीनवर, मग दोन्हीकडं एका दिवशी, आणि तेही रविवारी, असं ठरलं आहे. त्या थ्रीडी माऊसवाल्या मुलाचं काम अजून माझ्याकडं पडून आहे. त्याच्या यंत्राला अशी वाहिनी वेगळी शोधावी लागेल.

ताईंचं एक गाऱ्हाणं मात्र तसंच आहे. जुन्या खात्यांची कागदपत्रं सर्व्हरवर स्कॅन करून ठेवली आहेत. ती उघडली की पुन्हा चित्र, पुन्हा बोटाखाली नुसतं फाईलचं नाव. काउंटरवरच्या आक्का सध्या ज्याचा फोन येईल त्याच्या कागदावरचा मजकूर शेऱ्याच्या रकान्यात टाईप करून देतात, आणि ताई तो वाचून दाखवतात. परवा त्यांनी आक्कांना विचारलं, "रोज पाच खाती जरी टाईप केली तर किती दिवस लागतील?" आक्का कपाटांकडं बघत गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "उद्यापासनं सात करू."